टाकीतले बिनबोलावलेले पाहुणे

आमच्या दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची एक टाकी आहे. तिच्यात सुमारे अडीचशे लिटर खारे पाणी, काही मासे, कोळंब्या, शंखाच्या गोगलगायी आणि मऊ प्रवाळ आहेत. घरी येणारे पाहुणे बहुधा ठरलेले प्रश्न विचारतात. मीठ कोठून आणता? खर्च किती येतो? मासे किती दिवस जगतात? मात्र टाकीत नको असलेले जीव शिरले तर तुम्ही काय करता, असे आजवर कोणी विचारलेले नाही. खरे सांगायचे तर गेल्या तीनेक वर्षांत आम्हां दोघांना जे काही शिकायला मिळाले, ते याच नको असलेल्या जीवांकडून मिळाले. म्हणून शाळेच्या पत्रिकेसाठी ‘छंदातून शिक्षण’ या विषयावर चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा रंगीत माशांऐवजी या बिनबोलावलेल्या पाहुण्यांवरच लिहायचे, असे आम्ही ठरवले.

टाकी मूळची आमची नव्हे. आमचे चिरंजीव याच शाळेत आठवीत असताना, २०१७ च्या दिवाळीच्या सुटीत, त्यांनी ती मांडली. समुद्राचे वेड आमच्या घरात तसे जुनेच. लहानपणी मे महिन्यात मुंबईला मामाकडे गेलो की तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्याशिवाय आमची सुटी पुरी होत नसे. पण समुद्र घरात आणून ठेवावा, असे आमच्या पिढीच्या मनातही आले नव्हते. त्यातून आपले बडोदे! मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि टाकीतले पाणी २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. त्यासाठी चिलर आला, वीज गेली तर पाणी फिरते राहावे म्हणून इन्व्हर्टरही आला. दर रविवारी २५ लिटर पाणी काढायचे आणि तेवढेच नवे घालायचे. गाळलेल्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला ९०० ग्रॅमच्या आसपास समुद्री मीठ लागते. हे स्वयंपाकातले मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सर्व क्षार त्यात प्रमाणात असावे लागतात.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. आपल्या देशात टणक सांगाड्याचे सर्व प्रवाळ, तसेच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये घातले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. त्यामुळे आमच्या टाकीत तसले प्रवाळ नाहीत आणि समुद्रातून उचललेला खडकही नाही. खडक भाजलेल्या मातीचे, कृत्रिम आहेत. त्यांवर झोअँथिड नावाचे, गुंड्यांची चादर पसरावी तसे दिसणारे जीव आणि अळंबीसारखे दिसणारे मऊ प्रवाळ आहेत. क्लाउनफिशची जोडी तर टाकीतच जन्मलेली आहे. या माशांची पैदास टाकीत करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतातही सिद्ध केलेले आहे.

२०२२ साली चिरंजीव पुढील शिक्षणासाठी पुण्याला गेले आणि टाकी आमच्याकडे आली. जाताना त्यांनी एक दोनशे पानी वही आमच्या हाती दिली. तिच्यात पाण्याच्या रोजच्या नोंदी होत्या आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत सूचना होती: ‘काही नवे दिसले तर आधी ते काय आहे ते ओळखा. ओळख पटेपर्यंत पाण्यात काहीही घालू नका.’ तेव्हा आम्हांला ही सूचना फार साधी वाटली. ती पाळणे किती अवघड असते, हे पुढे कळले.

पहिला पाहुणा रात्री दिसला. दिवे मालवल्यावर टॉर्चवर लाल कागद लावून आम्ही टाकीत डोकावलो, कारण लाल उजेडाला हे निशाचर फारसे बुजत नाहीत. खडकाच्या फटीतून बोटभर लांबीची, गुलाबी-करड्या रंगाची, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांच्या झालरी असलेली एक गोम सरकताना दिसली. आजी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “अगं बाई, हे जनावर घरात कशाला? काढ आधी ते!” शेजारचे काका आले, त्यांनीही काचेतून पाहिले आणि गुजरातीत झटकन सल्ला दिला, “एमां दवा नाखी दो ने!”

वहीतल्या सूचनेप्रमाणे आम्ही दोन दिवस नुसते पाहत राहिलो. ही गोम म्हणजे ब्रिसल वर्म. आपल्या गांडुळाची ही लांबची भावंडे. टाकीत येणारे बहुतेक ब्रिसल वर्म उरलेले अन्न आणि मेलेले जीव खाऊन खडकांच्या फटी स्वच्छ ठेवतात. अटलांटिक समुद्रातला दाढीवाला फायरवर्म प्रवाळ कुरतडतो खरा, पण तो निराळा. आमच्या पाहुण्याने एकाही प्रवाळाला तोंड लावले नाही. तळाला पडलेला माशांच्या खाद्याचा दाणा तेवढा त्याने ओढून नेला. तेव्हा त्याला राहू दिले. मात्र त्याला उघड्या हाताने कधीही धरू नये. ते केस काचेच्या लोकरीसारखे कातडीत मोडतात आणि खाज सुटते. तसे झालेच तर चिकटपट्टी लावून ओढली की बरेचसे केस निघून येतात. गावात नाले साफ करणारे नसते तर काय झाले असते, असा विचार केला की या गोमेबद्दल किळस वाटेनाशी होते. आजींना मात्र ती अजूनही आवडत नाही.

दुसरा पाहुणा उजेडी आला. वाळूच्या एका कोपऱ्यावर लालसर-किरमिजी रंगाची बुळबुळीत साय धरली आणि दुपारपर्यंत तिच्यावर हवेचे बुडबुडे दिसू लागले. आम्हांला ते शेवाळ वाटले होते, पण ते शेवाळ नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू. विद्यार्थी मित्रांनो, पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, याच कुळातल्या जिवाणूंच्या कृपेने. म्हणजे आपण आज श्वास घेतो तो यांच्या पूर्वजांच्या पुण्याईवर. आता अशा वडीलधाऱ्यांना घराबाहेर काढायचे तरी कसे?

त्यांच्यावर प्रतिजैविकाची पूड मिळते. ती घातली की दोन दिवसांत साय नाहीशी होते, पण टाकीतली घाण पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही तिचा धोका असतो, आणि ज्या कारणाने साय धरली ते कारण तसेच राहिले तर ती पुन्हा येते. म्हणून कारण शोधले. त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह जवळजवळ पोहोचतच नव्हता आणि माशांच्या खाद्याचे कण नेमके तेथेच साठत होते. पंपाचे तोंड थोडे वळवले, खाद्य एका वेळेला घटवले आणि दर रविवारी पाणी बदलताना ती साय नळीने ओढून काढली. पाच आठवडे लागले. औषधाने दोन दिवस लागले असते, हे खरे; पण कोपरा तसाच साचलेला राहिला असता.

तिसरा पाहुणा दिसायला सर्वांत देखणा होता आणि तोच सर्वांत चिवट निघाला. झोअँथिडांच्या मधोमध एक इवलेसे, तपकिरी, पारदर्शक फूल उगवले. लांब, बारीक पाकळ्यांसारखे तंतू पाण्यात डुलत होते. बोट जवळ नेले की ते क्षणात फटीत गडप होई. हे एप्टेशिया नावाचे समुद्रफूल. कोणत्या तरी प्रवाळाच्या बुडाला चिकटून ते टाकीत आले असावे. त्याचे तंतू डंख मारतात आणि शेजारचे प्रवाळ आक्रसून मागे सरतात. ते उपटावे तर त्याच्या तळव्याचा खडकाला चिकटून राहिलेला बारीकसा तुकडाही नवे फूल होऊन उभा राहतो. पुराणातल्या रक्तबीजाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याचा थेंब सांडला की नवा राक्षस. येथे तंतोतंत तोच प्रकार. म्हणून एप्टेशिया कधीही कापू नये, खरवडू नये आणि चिमट्याने ओढूही नये.

एका परिचिताने सुचवले की खडक बाहेर काढून सरळ उकळा. हा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून येथे मुद्दाम लिहीत आहोत. झोअँथिडांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. असा खडक उकळला तर ते वाफेबरोबर घरभर पसरते. परदेशांत याच कारणाने घरातील सर्वांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे अशा खडकाला हात लावतानाही आम्ही हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालतो, आणि मुलांना तेथे हात घालू देत नाही.

एप्टेशियावर उपाय निघाला तो चुन्याचा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड थोड्या पाण्यात दह्याइतकी दाट कालवायची, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करायचे आणि फूल मिटण्याआधी अलगद त्याच्या तोंडावर तो थेंब सोडायचा. दहा-पंधरा मिनिटे पाणी स्थिर ठेवायचे. आजी बघत होत्या. “म्हणजे पानाला लावतो तोच चुना की!” त्या म्हणाल्या. रसायन तेच, पण पानाच्या दुकानातला चुना वापरू नये, कारण त्यात आणखी काय मिसळले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. एका दिवशी पाच-सहा फुलांहून जास्त फुलांना हात लावायचा नाही, कारण चुन्याने पाण्याचा अल्कधर्मीपणा एकदम वाढला तर सुक्याबरोबर ओलेही जळते. फुले होती तीसेक. एक दिवसाआड बसून आम्ही पंधरा दिवस हे काम केले. कोणत्या खडकावर किती राहिली, हे वहीत लिहीत होतो. आजही दोन-तीन महिन्यांनी एखादे फूल डोके वर काढते. दिसले की एक थेंब चुना, एवढेच.

निसर्गाने या फुलालाही वैरी दिलेला आहे. बर्घिया नावाची बिनकवचाची, नखाएवढी समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय दुसरे काहीच खात नाही. शेवटचे फूल संपले की ती उपाशी मरते, म्हणून ती ज्याच्याकडे फुले शिल्लक आहेत त्याला द्यावी लागते.

मधल्या काळात काचेवर लालसर-तपकिरी, शेपटीला खाच असलेले, तिळाएवढे चपटे कृमीही आले. त्यांच्यावर औषध आहे आणि ते प्रभावीही आहे. पण हे कृमी मरताना विष सोडतात. हजारो एकदम मेले तर कृम्यांबरोबर मासेही जातात. म्हणून आधी नळीने जितके काढता येतील तितके काढायचे, मग औषध, आणि लगेच पाणी बदलून कार्बन लावायचा. आमच्या टाकीत ते काढण्यानेच आटोक्यात आले आणि औषधाची वेळ आली नाही.

इथवरचे पाहुणे खडकावरचे आणि वाळूवरचे होते. २०२४ च्या मे महिन्यात आला तो माशांच्या अंगावर.

आमचा निळा टँग मासा खडकाला अंग घासू लागला. दोन दिवसांनी त्याच्या परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मग क्लाउनफिशवर एक-दोन ठिपके. या वेळी ओळख चुकवून चालणार नव्हते, कारण दिसायला सारखे वाटणारे तीन आजार आहेत. क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीचे ठिपके मिठाच्या किंवा रव्याच्या कणांएवढे असतात. ॲमिलूडिनियमचे ठिपके पिठी भुरभुरल्यासारखे अगदी बारीक, आणि तो काही दिवसांतच मासा संपवतो. तिसरा लिम्फोसिस्टिस, विषाणूमुळे होणारा. त्याच्या गाठी फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसतात आणि बहुधा आपोआप जातात. शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना विचारले, तर त्यांनी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक दोन दिवसांसाठी घरी न्यायला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टँग मेला. आम्ही लगेच त्याच्या अंगावरचा स्राव काचपट्टीवर घेतला. भिंगाखाली एक गोल, गडद जीव अंगावरचे केस हलवत संथपणे स्वतःभोवती फिरत होता. क्रिप्टोकॅरिऑनच. आपल्या घरातला मासा ज्याने मारला, तो इतका सुबक असेल असे आम्हांला वाटले नव्हते.

त्या दिवशी घरात बराच वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की आता टाकी मोडावी. चिरंजीव पुण्यात, आपले वय वाढते आहे, उन्हाळ्यात विजेचे बिल वाढते आहे, आणि डोळ्यांदेखत मासे मरताना पाहायचे कशासाठी? दुकानदार खडकासकट सगळे न्यायला तयार होता. दुसऱ्याचे म्हणणे होते की हे मासे आपण आणले. सात वर्षे त्यांनी आपल्या हातचे खाल्ले. आजारी पडले म्हणून ते विकायचे, तर घेणाऱ्याच्या टाकीतही आपण आजारच पाठवणार. आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “घरातलं माणूस आजारी पडलं तर आपण घर विकतो का?” पुण्याला फोन केला. चिरंजीवांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. “आई-बाबा, ठेवायची असेल तर ७६ दिवस लागतील. तेवढे निभतील का, ते तुम्हीच ठरवा,” असे ते म्हणाले.

हे ७६ दिवस कसले, ते सांगायला हवे. हा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो. मग गळून पडतो, खडकावर किंवा वाळूत कवच करून बसतो आणि आत त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले होतात. कवच फुटायला कधी तीन दिवस लागतात, कधी चार आठवडे. अगदी ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरते. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले तर रोग गेला असे नव्हे. तो फक्त खाली उतरलेला असतो. बाजारातली कित्येक औषधे याच चकव्यावर खपतात. औषध घातले, दोन दिवसांत ठिपके गेले आणि गुण आला असे वाटले. औषध घातले नसते तरीही ठिपके गेलेच असते.

यावर खात्रीचे औषध तांबे. पण ते त्या पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांनाच मारते. अंगावरच्या आणि कवचातल्या परजीवीला नाही. शिवाय माशाला सोसणारे तांबे कोळंबीला, गोगलगायीला आणि प्रवाळाला प्राणघातक असते. मोठ्या टाकीत ते ओतले असते तर रोगापेक्षा इलाज भयंकर झाला असता. टाकीतल्या चुनखडीच्या वाळूतही तांबे मुरते आणि पुढे हळूहळू सुटत राहते. म्हणून आम्ही उरलेले चार मासे साठ लिटरच्या दुसऱ्या टाकीत हलवले. तेथे वाळू नाही, खडक नाही. लपायला पाणीनळाच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एक स्पंजचा फिल्टर. तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखायचे. कमी पडले तर उपयोग नाही, वाढले तर मासाच जातो. रोज सकाळी पाणी तपासायचे, रंगपट्टीशी ताडायचे आणि वहीत लिहायचे. लहान टाकीत अमोनिया लवकर वाढतो, म्हणून तोही मोजायचा. तीस दिवस औषध, मग पुढचे दिवस औषधाशिवाय नुसते निरीक्षण.

मोठी टाकी तोवर माशांविना होती. दिवे वेळेवर लागत, पंप चालत, कोळंब्या खडकांवर फिरत आणि प्रवाळ उमललेले असत, पण पोहणारे कोणीच नव्हते. पाहुणे आले की “मासे मेले वाटतं?” असे विचारत. पहिल्या आठवड्यात आम्ही सविस्तर उत्तर देत होतो. पुढे नुसते “दवाखान्यात आहेत” असे सांगू लागलो. एकोणिसाव्या दिवशी दोन निळ्या डॅमसेलपैकी एक गेला. बाकीचे तिघे राहिले. जुलैअखेरीस ७६ वा दिवस उजाडला आणि आम्ही क्लाउनफिशची जोडी आणि निळा डॅमसेल पुन्हा मोठ्या टाकीत सोडले. क्लाउनफिश थेट आपल्या जुन्या खडकापाशी गेले. हा मजकूर लिहीपर्यंत टाकीत एकही पांढरा ठिपका पुन्हा दिसलेला नाही. नवा मासा, नवा शंख किंवा नवे प्रवाळ काहीही आले तरी आता आधी वेगळ्या टाकीत ठेवतो.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही जामनगरजवळ नरारा येथे गेलो. कच्छच्या आखातातले हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली घोषित झाले आणि ते देशातले असे पहिले उद्यान. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्याबरोबर, गुडघाभर पाण्यातून प्रत्यक्ष प्रवाळखडकांतून चालता येते. वाटाड्याने एक दगड अलगद उचलला. त्याच्या खाली केसांच्या झालरीची गोम होती. पलीकडच्या डबक्यात झोअँथिडांची चादर, तिच्या कडेला समुद्रफुले, एका खड्ड्यात किरमिजी साय. आम्ही घरी ज्यांच्याशी दोन वर्षे झगडत होतो त्यांतली कित्येक मंडळी येथे सुखाने नांदत होती. आणि त्यांच्यामध्येच मेंदूच्या आकाराचे जिवंत प्रवाळही उभे होते. वाटाड्याने दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवला.

तेव्हा मनात आले की उपद्रवी असा जीव मुळात नसतोच; जागा आणि प्रमाण बिघडले की तो उपद्रवी होतो. नराऱ्यात गोमेला खाणारे मासे आहेत, समुद्रफुलाला खाणाऱ्या गोगलगायी आहेत, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येऊन सगळे धुऊन नेते. आमच्या अडीचशे लिटरमध्ये यांतले काहीच नाही. तेथे भरतीही आम्हीच, ओहोटीही आम्हीच. आपण समुद्राचा तुकडा घरात आणला तर समुद्राची कामेही आपल्यालाच करावी लागणार. आम्ही ज्याला कीड म्हणत होतो, तो बऱ्याच वेळा कोणते काम राहिले आहे याचा निरोप घेऊन आलेला असतो.

एप्टेशियाची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. आम्ही जिच्यावर चुना टाकतो, तिला संशोधक प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवतात. प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले या समुद्रफुलातही असतात, आणि ते प्रवाळाच्या मानाने फार सहज वाढते. पाणी तापले की प्रवाळ ही शैवाले गमावतात आणि पांढरे पडतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरातल्या प्रवाळांचे असे चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले. प्रवाळ आणि शैवाल यांची सोबत का तुटते, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ याच फुलाचा अभ्यास करतात. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१५ साली प्रसिद्ध झाला. आमच्या घरी जे तण आहे, ते दुसरीकडे प्रवाळ वाचवण्याच्या कामी येत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, समुद्री टाकीच ठेवा असा आमचा आग्रह नाही. ती खर्चाची आणि जबाबदारीची गोष्ट आहे, आणि कोणी स्वस्तात टणक प्रवाळ देऊ करत असेल तर ते घेऊ नका, हे वर सांगितलेच. पण कुंडीतल्या जास्वंदीवर पांढरा मावा पडला, तांदळात सोंडे झाले, किंवा साध्या गोड्या पाण्यातल्या माशावर ठिपके आले, तरी ओळखण्याची ही रीत तीच राहते. भिंग घ्या, दोन दिवस पाहा, वहीत लिहा, जाणत्याला विचारा. मगच हात चालवा.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की मुले घर सोडून जातात तेव्हा त्यांचे छंद आपल्या गळ्यात पडले असे समजू नये. आमच्या मुलाशी आमचे बोलणे एरवी जेवण झाले का, पैसे पुरले का, यापलीकडे गेले नसते. त्या ७६ दिवसांत रोज सकाळी आम्ही तांब्याचा आकडा त्याला कळवत होतो आणि त्यानिमित्ताने बाकीचे बरेच काही बोलणे होत होते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आज जो सूक्ष्मदर्शक आहे, तो चांगला आहे, पण वर्गातल्या सर्व मुलांना त्यातून पाहायला एक तास पुरत नाही. आणखी दोन मिळाले, आणि सोबत गोड्या पाण्याची एक छोटी टाकी, तर मुलांना पाठ्यपुस्तकातले एकपेशीय जीव चित्राऐवजी प्रत्यक्ष फिरताना दिसतील. त्यांपैकी एका सूक्ष्मदर्शकाचा खर्च आम्ही दोघे आनंदाने उचलू. टाकीची साफसफाई कशी करायची ते शिकवायलाही आम्ही येऊ. मात्र रविवारी नको. रविवारी आमच्याकडे पाणी बदलायचे असते.

– एका माजी विद्यार्थ्याचे आई-बाबा, बडोदे